पेल्याबाहेरचे पाणी

स्टीलचा एक कोरडा पेला घ्यावा, त्यात थोडे पाणी आणि बर्फाचे तीनचार खडे टाकावेत आणि तो चौथीच्या वर्गात टेबलावर ठेवून द्यावा. पाचदहा मिनिटांत पेल्याचे बाहेरचे अंग धुरकटते, मग त्या धुरकटपणाचे थेंब होतात आणि एखादा चुकार ओघळ टेबलावर उतरतो. हे पाणी कोठून आले, असा प्रश्न वर्गाला केला, तर बरीच मुले सांगतील, की ते आतून झिरपले. पहिल्या बाकावरचा एखादा विद्यार्थी मात्र उभा राहून, हाताची घडी घालून म्हणेल : 'हवेतील बाष्पाचे संघनन झाले.' त्याला शाबासकी मिळेल, बाकीच्यांना 'चूक' म्हणून खाली बसवले जाईल आणि पाठ पुढे सरकेल.

या दोन उत्तरांपैकी शास्त्रीय उत्तर कोणते, याविषयी वाद नाही. पण शास्त्रीय विचार कोणत्या उत्तरामागे आहे, असे विचारले तर कौल इतक्या सहज देता येणार नाही. 'पाणी झिरपले' असे म्हणणाऱ्या मुलाने घरी माठ पाहिलेला असतो. माठाचे अंग नेहमी ओलसर असते, त्याच्या बुडाशी पाणी साचते, तिवईखाली ठेवलेली ताटली भरते, आणि हे पाणी माठातूनच पाझरते, हेही घरातल्या सर्वांना ठाऊक असते. भांड्यात पाणी आहे, बाहेर ओल आहे, तेव्हा आतले पाणी बाहेर आले, असे अनुमान त्या मुलाने एका भांड्यावरून दुसऱ्या भांड्यावर नेले. अनुमान फसले ही गोष्ट खरी. पण ते अनुमान होते. उलट ज्याने 'संघनन' हा शब्द उच्चारला, त्याला पुढचा एकच प्रश्न विचारून पाहावा : मग माठाच्या बाहेरची ओलही हवेतूनच येते काय? शंभरातल्या कितीजणांना या प्रश्नाचे उत्तर धडपणे देता येईल, याचा अंदाज प्रत्येक शिक्षकाने आपल्या मनाशी करून पाहावा.

प्राथमिक शाळेतील विज्ञानाचे दुखणे नेमके येथे आहे. आपण मुलाच्या हाती व्याख्या देतो आणि त्याच्या डोक्यात अगोदरपासून काय आहे, याची चौकशीच करत नाही. नवदहा वर्षांचे मूल वर्गात कोऱ्या पाटीसारखे येत नाही. ते आपल्याबरोबर हवा, पाणी, सावली, आग, बी, गुरेढोरे, चंद्र यांविषयीचे एक आख्खे शास्त्र घेऊन येते. ते शास्त्र पुष्कळदा चुकीचे असते. पण त्याला अनुभवाचा आधार असतो, आणि म्हणूनच ते व्याख्येच्या फुंकरीने उडून जात नाही. ते आत राहते. वर व्याख्येचा पातळ थर चढतो. परीक्षेत थर बोलतो, आयुष्यात आतले शास्त्र बोलते.

पेल्याचा प्रश्न सोडवायला फारशी साधने लागत नाहीत. पहिल्या पेल्याशेजारी साध्या पाण्याचा दुसरा पेला ठेवला, की निम्मे काम होते. स्टीलमधून पाणी झिरपत असेल, तर या पेल्यातूनही झिरपायला हवे. तसे होत नाही. एवढ्याने सगळी मुले गप्प बसतील असे मानू नये. थंड पाणी अधिक पातळ होते म्हणून झिरपते, असे एखादा चतुर विद्यार्थी सुचवील, आणि ते सुचवण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. त्याच्यासाठी बर्फ घालून कोकमाचे सरबत करावे. पेल्यावर जमलेले थेंब रंगहीन आणि बेचव असतात. तरीही शंका उरलीच, तर घट्ट झाकणाच्या डब्यात बर्फ भरून तो डबा किराणा दुकानातल्या विजेच्या काट्यावर ठेवावा आणि थोड्या वेळाने, त्याचे अंग भिजल्यावर, पुन्हा वजन घ्यावे. पाणी आतून बाहेर आले असते, तर वजन तेवढेच राहिले असते. ते थोडे वाढलेले दिसते. म्हणजे बाहेरून काहीतरी येऊन डब्याला चिकटले. बाहेर तर हवेवाचून काही नव्हते! या क्षणी, आणि या क्षणानंतरच, 'बाष्प' आणि 'संघनन' हे शब्द सांगण्यात अर्थ आहे. तोवर ते शब्द कशाची नावे आहेत, हेच मुलाला ठाऊक नसते.

एवढे झाल्यावर माठाकडे परत जावे. कारण माठाची गोष्ट पेल्याहून अधिक रोचक आहे. माठातून झिरपलेले पाणी त्याच्या अंगावरून उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार होते. पण हे उडणे हवेवर अवलंबून असते. कोकणातल्या दमट हवेत माठाचे पाणी फारसे गार होत नाही. अकोल्याच्या किंवा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तेच पाणी दातांना झोंबते. वाळ्याचे पडदे आणि गवताच्या जाळ्यांचे कूलर विदर्भात घरोघर दिसतात आणि मुंबईत कोणी विकत घेत नाही, याचेही कारण हेच. पेल्याचा प्रकार बरोबर याच्या उलट. एप्रिल महिन्यात रत्नागिरीच्या शाळेत बर्फाच्या पेल्यावरून पाण्याचे ओघळ वाहतील. अकोल्याच्या शाळेत त्या मानाने फारच थोडे पाणी जमेल. हवेत पाणी किती आहे, याचा हिशेब पेला एका बाजूने देतो आणि माठ दुसऱ्या बाजूने. कोकणातल्या आणि वऱ्हाडातल्या दोन वर्गांनी एकमेकांस पत्रे लिहून हा हिशेब जुळवून पाहिला, तर आर्द्रता ही कल्पना त्यांना वेगळी शिकवावी लागणार नाही. पण पाठ्यपुस्तक साऱ्या राज्याला एकच असते, त्यातला पेला एकच असतो, आणि तो सर्वत्र सारखाच भिजतो.

आजची पुस्तके जुन्या पुस्तकांहून पुष्कळ सुधारली आहेत, हे मान्य करायला हवे. त्यांत रंगीत चित्रे आहेत, 'करून पहा' अशा चौकटी आहेत, परिसराची जाणीव आहे. तिसरीपासून पाचवीपर्यंत या विषयाला 'परिसर अभ्यास' असेच नाव आहे, आणि ते नाव सार्थ आहे. अडचण एवढीच, की 'करून पहा' असे सांगून पुस्तक पुष्कळदा पुढच्याच दोनचार ओळींत काय होईल तेही सांगून टाकते. ज्याचा शेवट छापलेला आहे तो प्रयोग कोण कशाला करील? गाईडांनी तर ही उरलीसुरली अडचणही दूर केली आहे. त्यांत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' ही दोन्ही तयार मिळतात.

शब्दांचे सापळे

मराठी मुलाच्या बाबतीत या प्रश्नाला भाषेचीही एक बाजू आहे आणि तिच्याकडे जेवढे लक्ष जायला हवे तेवढे जात नाही. विज्ञानाचे मराठी शब्द दोन प्रकारचे आहेत. एक, 'प्रकाशसंश्लेषण', 'बाष्पीभवन' यांसारखे, जे घरी कोणी कधी बोलत नाही. ते अवघड खरे. पण निदान ते अनोळखी आहेत हे मुलाला कळते. दुसरा प्रकार अधिक फसवा. 'बल', 'शक्ती', 'ऊर्जा' हे व्यवहारात एकमेकांच्या जागी खुशाल वापरले जाणारे शब्द. विज्ञानात त्यांचे अर्थ कडक भिंतींनी वेगळे केलेले. 'वजन' आणि 'वस्तुमान' यांची तीच गत. दिवसभर डोक्यावर पाटी घेऊन सपाट रस्त्यावरून चालणाऱ्या हमालाने त्या पाटीवर काही 'कार्य' केले नाही, हे वाक्य पुढे कधीतरी त्याच मुलाच्या पुढ्यात येते, आणि विज्ञान ही माणसांची भाषा नव्हे, अशी त्याची खात्री होते.

'उष्ण' या शब्दाचा गोंधळ तर फारच मजेचा आहे. घरात पपई उष्ण असते, आंबा उष्ण असतो, गूळही उष्ण. ताक, काकडी, सब्जा थंड. येथे 'उष्ण' याचा अर्थ देहावर होणारा परिणाम. फ्रिजमधून काढलेला आंबा आजीच्या लेखी उष्णच राहतो. हे मूल शाळेत जाते तेव्हा त्याला 'उष्णता ही एक प्रकारची ऊर्जा आहे' असे सांगितले जाते. 'ताप' म्हणजे त्याला अंगात येतो तो ताप माहीत, आणि त्याच्यापुढे 'तापमान' येते. 'उष्णता' आणि 'तापमान' या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पुढे सातवी-आठवीत कानीकपाळी ओरडून सांगावे लागते आणि तरीही ते ठसत नाही, यात नवल ते काय? कारण आजीचा 'उष्ण' वेगळा आणि पुस्तकातला 'उष्ण' वेगळा, हे कोणी कधी उघड बोलून दाखवलेलेच नसते. पहिला चूक आणि दुसरा बरोबर असे सांगण्याची तर मुळीच गरज नाही. एका शब्दाचे दोन उपयोग आहेत एवढे सांगितले तरी पुरते.

गोधडीचे उदाहरणही असेच. गोधडी 'ऊब देते' असे आपण म्हणतो. मग बर्फाचा एक खडा गोधडीत गुंडाळला आणि दुसरा उघडा ठेवला, तर आधी कोणता वितळेल? गोधडी गरम असते, म्हणून तिच्यातला आधी वितळेल, असे पुष्कळ मुले सांगतात. मोठी माणसेही सांगतात. पण वर्गात जर कोणा बर्फगोळेवाल्याचा मुलगा असेल, तर तो हसेल. त्याचा बाप रोज बर्फाची लादी गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून ठेवतो. उष्णतेचा प्रवास अडवणे म्हणजे काय, हे त्या मुलाला शिक्षकापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. मात्र त्याला ते कोणी विचारत नाही, आणि तो ज्ञान म्हणून जे काही आहे ते पुस्तकातच असते असे समजून गप्प बसतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा एक भाग म्हणून १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत या केंद्राने सुरुवातीच्या वर्षांतच काम केले. विज्ञान-शिक्षणाच्या आड भाषा कशी येते, हा प्रश्नही केंद्राच्या अभ्यासकांनी हाती घेतला. मजकुरातील विज्ञान तेच ठेवून केवळ भाषा सोपी केली, तर वर्गात मुले अधिक बोलू लागतात, प्रश्न करू लागतात, असे त्यांना आढळले. ही गोष्ट चाळीसपंचेचाळीस वर्षांपूर्वीची. मूल मठ्ठ नसते, वाक्य मठ्ठ असते, असा त्याचा सरळ अर्थ. पण परिभाषा जितकी संस्कृतप्रचुर तितके विज्ञान प्रौढ, ही समजूत अजूनही मोठ्या प्रमाणावर टिकून आहे.

खत हे अन्न नव्हे

'वनस्पती आपले अन्न स्वतः तयार करतात' हे वाक्य पाठ नसलेला विद्यार्थी सापडणे कठीण. पण शेतकऱ्याच्या मुलाला विचारावे, की ज्वारीचे ताट एवढे उंच झाले, ते कशाचे झाले? तो म्हणेल, मातीचे, खताचे. पाठ केलेले वाक्य आणि हे उत्तर एकाच डोक्यात भांडण न करता सुखाने नांदतात. याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. जमिनीतून पीक येते, खत घातले की जोमाने येते, न घातले की खुरटते, हे तो दरसाल पाहतो. विद्वानांनीही शतकानुशतके असेच मानले होते.

सतराव्या शतकात फान हेल्मोंट नावाच्या युरोपीय वैद्याने या समजुतीची परीक्षा घ्यायचे ठरवले. त्याने वाळवलेली २०० पौंड माती कुंडीत भरली आणि तीत विलोचे, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीचे, ५ पौंड वजनाचे रोप लावले. पाच वर्षे त्याने त्याला पाण्याशिवाय काही घातले नाही. पाच वर्षांनी झाड काढून तोलले, ते १६९ पौंड ३ औंस भरले. आणि माती पुन्हा वाळवून तोलली, ती केवळ दोनएक औंस कमी झाली होती. झाड मातीचे झालेले नाही, हे सिद्ध झाले. त्याची ही हकीकत त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाली.

पण गोष्ट येथेच संपत नाही, आणि शिक्षकांनी सांगायला हवा असा भाग पुढेच आहे. माती नव्हे तर मग काय, या प्रश्नावर हेल्मोंटने उत्तर दिले : पाणी. सगळे झाड पाण्याचेच झाले! तेही चुकलेच. झाडाच्या लाकडाचा मोठा हिस्सा हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडमधून येतो, हे त्याच्या लक्षात आले नाही. आणि गंमत अशी, की 'गॅस' हा शब्द ज्याने प्रथम वापरात आणला तो हाच मनुष्य. लाकूड जाळल्यावर निघणाऱ्या वायूचा विचार ज्याने केला, त्याला तोच वायू झाडात शिरतो हे दिसले नाही. हवा अदृश्य आहे, हलकी आहे. तिच्यापासून वडाचा बुंधा होतो यावर विश्वास बसणे थोरामोठ्यांनाही जड जाते. मग चौथीतल्या मुलाने ते एका वाक्यात गिळावे, अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची? हवेला वजन असते ही गोष्ट ज्याने हाताने अनुभवली नाही, त्याला 'प्रकाशसंश्लेषण' शिकवणे म्हणजे पाया न खणता कळस बसवणे होय. फुटबॉल नरम असताना आणि फुगवून टणक केल्यावर त्याच विजेच्या काट्यावर ठेवून पाहिला, तर वजनात काही ग्रॅमांचा फरक दिसतो. तेवढ्या काही ग्रॅमांची किंमत फार मोठी आहे.

पृथ्वीच्या बाबतीत तर मुलांची कोंडी अधिकच होते. कारण डोळ्यांना जे दिसते त्याच्या नेमके उलट त्यांना मानायला सांगितले जाते. पृथ्वी सपाट दिसते, सांगायचे गोल. सूर्य फिरताना दिसतो, सांगायचे पृथ्वी फिरते. अमेरिकेत व्होस्नियाडू आणि ब्रूअर या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पृथ्वी गोल आहे असे बिनचूक सांगणाऱ्या मुलांना आणखी खोलात जाऊन प्रश्न विचारले. तेव्हा कोणाची पृथ्वी भाकरीसारखी गोल निघाली, कोणी ती पोकळ चेंडूसारखी असून माणसे तिच्या आत सपाट तळावर राहतात असे सांगितले, तर कोणी दोन पृथ्व्या मानल्या : एक आकाशातली गोल आणि दुसरी पायाखालची सपाट. पुढे हैदराबादच्या मुलांतही असाच अभ्यास झाला. तेथे पृथ्वीला पाण्याचा आधार देणारी मुलेही आढळली. 'गोल' हा शब्द सर्वांच्या ओठांवर एकच होता.

एखादे धीट मूल विचारते : पृथ्वी इतक्या वेगाने फिरते, तर झाडावरून उडालेली चिमणी पुन्हा आपल्या घरट्यात कशी येते? वर्ग हसतो. पुष्कळदा गुरुजीही हसतात. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे म्हटले आणि नावेतून जाणाऱ्याला काठावरची झाडे मागे सरकताना दिसतात, हा दाखला दिला. त्यानंतरच्या शतकात वराहमिहिराने 'पंचसिद्धांतिके'त त्यावर हाच आक्षेप घेतला, की तसे असते तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यांकडे परतू शकले नसते. म्हणजे वर्गाने ज्याला हसून खाली बसवले, त्या मुलाने वराहमिहिराची शंका विचारली होती. तिचे उत्तर धावत्या एस.टी.त चेंडू वर फेकून झेलण्यात आहे. मात्र उत्तर देण्याआधी, शंका थोर आहे हे मान्य करण्याचे सौजन्य हवे.

या दुर्लक्षित समजुती मोठेपणी आपोआप गळून पडतात, अशी कोणाची कल्पना असेल, तर १९८७ साली निघालेल्या एका अमेरिकन माहितीपटाची आठवण देणे योग्य होईल. हार्वर्ड विद्यापीठात पदवीदानाच्या दिवशी विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू कशामुळे होतात किंवा चंद्राच्या कला कशामुळे होतात, हे विचारण्यात आले. २१ जणांची उत्तरे चुकली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, असे बऱ्याच जणांनी ऐटीत सांगितले. वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. आणि जुलैच्या आरंभी ती सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर असते. आगीजवळ गेले की चटका बसतो, हा शेकोटीचा नियम लहानपणी मनात बसलेला. त्यावर एका थोर विद्यापीठाची शिकवणीही चढली, पण तो जागचा हलला नाही.

वेळ कोठून आणायचा?

शिक्षकांची बाजू याउलट आहे आणि ती ऐकून घेतलीच पाहिजे. वर्गात चाळीसपन्नास मुले. द्विशिक्षकी शाळा असेल, तर एकाच खोलीत दोन इयत्ता. वरून माहितीचे तक्ते, मतदार याद्या, पोषण आहाराचे हिशेब. अशा स्थितीत एका पेल्यावर तीन तास घालवायचे कसे? शिवाय, मानवजातीला जे शोधायला दोन हजार वर्षे लागली, ते प्रत्येक मुलाने स्वतः शोधायचे ठरवले तर शाळा संपणार कधी? हा आक्षेप बिनतोड आहे, आणि 'मुलांना सगळे स्वतः शोधू द्या' असे म्हणणाऱ्या उत्साही मंडळींनी त्याचा विचार करायला हवा. अणू, जंतू, ग्रहांची अंतरे या गोष्टी सांगाव्याच लागतील. सांगण्यात काही पाप नाही. पण जे सांगितले ते माणसांना कसे कळले, हेही दोन वाक्यांत सांगता येते. आणि जे हाताने पाहता येते, ते तरी सांगून टाकू नये, एवढे पथ्य पाळता येते. विषय निम्मे करून वेळ दुप्पट करणे, हा यावरचा एकच प्रामाणिक उपाय आहे. तो समित्यांना नेहमीच कठीण वाटत आला आहे. कारण प्रत्येक समितीत आपापल्या विषयाचा एकतरी तज्ज्ञ असतो.

हे काम मोठ्या प्रमाणावर होऊच शकत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही; कारण ते झालेले आहे, आणि तेही शेजारच्या राज्यात. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचा नर्मदापुरम्) जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक पूर्व शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञानाचा नवा कार्यक्रम सुरू केला. दिल्ली विद्यापीठातले आणि टाटा संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसून धडे रचत होते. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व शाळांत गेला. १९८२ मध्ये 'एकलव्य' ही संस्था त्यासाठी उभी राहिली. मुले टोळ्या करून प्रयोग करीत, निष्कर्ष स्वतः लिहीत. परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, आणि प्रयोगाचीही परीक्षा असे. 'सवालीराम' या कल्पित गृहस्थाला मुले पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे येत. तीस वर्षे हा कार्यक्रम सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांकडून चालला. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला.

होशंगाबादच्या अनुभवातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट प्रयोगांची पेटी नव्हे, तर परीक्षा ही होय. पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा दिली, की 'संघनन म्हणजे काय?' हा प्रश्न विचारण्यात अर्थच उरत नाही; पेपर काढणाऱ्याला विचार करावा लागतो. आपल्याकडे कोठारी आयोगाने १९६६ साली विज्ञान शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहाही वर्षांत सक्तीचे असावे अशी शिफारस केली. १९९३ साली यशपाल समितीने दप्तराच्या आणि न समजण्याच्या ओझ्याविषयी लिहिले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टीपासून दूर जाण्यास सांगितले. २०२० च्या धोरणाने अनुभवातून शिकण्याचा पुरस्कार केला. या सर्व शिफारशींचे स्वागत करून शाळा जून महिन्यात पुन्हा 'रिकाम्या जागा भरा'कडे वळतात. धोरण कागदावर कितीही बदलले, तरी शिक्षकाला ते कळते ते प्रश्नपत्रिकेतूनच.

आणि या प्रश्नपत्रिकेत कोणाचा तोटा होतो, तेही पाहिले पाहिजे. व्याख्या पाठ करून घ्यायला घरी कोणी शिकलेले असावे लागते, शिकवणी लावावी लागते. ज्या घरातून पहिलेच मूल शाळेत आले, तेथे यातले काही नाही. पण माठ आहे, चूल आहे, रान आहे, जनावर आहे. कुंभाराच्या मुलीला माठाच्या मातीत काय मिसळले म्हणजे तो पाझरतो हे माहीत असते. कोळ्याच्या मुलाला भरतीची वेळ आणि चंद्राची तिथी यांचा संबंध तोंडपाठ असतो. विज्ञान अनुभवापासून सुरू झाले, तर ही मुले पहिल्या दिवशी वर्गात पुढे असतील. ते व्याख्येपासून सुरू झाले, तर त्यांनी आणलेले सारे भांडवल दाराबाहेर चपलांबरोबर ठेवावे लागते. 'आपल्याला सायन्स जमत नाही' हा निर्णय ही मुले दहाव्या-अकराव्या वर्षी घेतात, आणि तो सहसा बदलत नाही.

यासाठी प्रयोगशाळाच हवी असेही नाही. मीटरभर लांबीची एक सरळ काठी शाळेच्या पटांगणात उभी रोवली, की वर्षभराचा पाठ तयार होतो. रोज दुपारी तिची सर्वांत आखूड सावली खडूने आखायची आणि मोजून वहीत लिहायची. पहिला धक्का असा, की ती घड्याळात बाराला आखूड होत नाही. पुण्यात ती साडेबारा उलटल्यावर होते, कारण आपले घड्याळ पुण्याच्या सूर्यावर नव्हे, बरेच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेले आहे. दुसरा धक्का, की दुपारी सूर्य डोक्यावर येतो हे नेहमीचे वाक्य वर्षातले दोन दिवस सोडले तर खोटे आहे. पुण्याला २२ डिसेंबरच्या दुपारी या काठीची सावली सुमारे नव्वद सेंटीमीटर भरते, २१ मार्चला ती तेहेतीसच्या आसपास येते; आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, ढगांनी कृपा केली तर, जेमतेम आठनऊ सेंटीमीटरांची सावली चक्क दक्षिणेकडे पडलेली दिसते. सावली अजिबात नाहीशी होते ते दोन दिवस मात्र शाळेच्या नशिबात नाहीत. पहिला मेच्या मध्याला, म्हणजे सुट्टीत येतो. आणि दुसरा जुलैच्या अखेरीस, भर पावसाळ्यात.